पोर्टफोलिओ साइट हलकी कशी ठेवावी: नव्या फ्रीलान्स वेब डिझायनरांसाठी

तुमच्या पोर्टफोलिओची लिंक बहुतेक वेळा लॅपटॉपवर उघडली जात नाही. मालवणच्या होमस्टेवाल्याला ती भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते. तो पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत असतो आणि हातातला फोन चार वर्षं जुना असतो. किंवा सांगलीतली एखादी डेंटिस्ट दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तीन डिझायनरांच्या लिंक्स एकापाठोपाठ उघडून बघत असते. अशा वेळी आधी गोल फिरणारं चक्र, मग काळा पडदा, मग डावीकडून सावकाश सरकत येणारं तुमचं नाव. तोवर समोरचा माणूस दुसऱ्या लिंकवर गेलेला असतो.

इंटिरिअर डिझायनरच्या साइटवर घराचे फोटो असतात, घर तिथे नसतं. वेब डिझायनरचं तसं नाही. तुमच्या साइटवर आलेला माणूस तुमचं काम प्रत्यक्ष वापरत असतो. खाली लावलेले प्रोजेक्टचे स्क्रीनशॉट तो नंतर बघेल. ज्या साइटवर तो उभा आहे ती पहिला नमुना. म्हणून ती साधी आणि पटकन उघडणारी असावी. ते कसं करायचं हे इथे क्रमाने सांगतो. एचटीएमएल आणि सीएसएसची तोंडओळख आहे असं धरलं आहे, त्यापुढचं काही लागत नाही.

१. आधी दुसऱ्यांच्या साइट्स वजन करून बघा

लॅपटॉपवर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा. तिथे ‘डिसेबल कॅश’वर टिक करा (म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या फाइल्स वापरल्या जात नाहीत) आणि शेजारच्या यादीतून ‘स्लो ४जी’ निवडा. आता कुठलीही साइट रिलोड केली की खालच्या पट्टीत दिसतं: किती फाइल्स मागवल्या, किती केबी उतरले, किती वेळ लागला. कोणतीही साइट आवडली की तिचं एवढं बघायची सवय लावून घ्या.

सुरुवातीला तीन साइट्स बघा. पहिली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेची, टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगासमोर आणलेलं वेबवरचं पहिलं संकेतस्थळ. ते जपून ठेवलंय आणि आजही उघडतं. दुसरी मराठी विकिपीडिया. तिसरी ब्रिटिश सरकारची ‘गव्ह डॉट यूके’. हिच्यावर जरा जास्त वेळ घालवा. ती २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा ‘डिझाइन ऑफ द इयर’ पुरस्कार तिला मिळाला. त्या साइटवर ना स्लायडर, ना हलणारी चित्रं. मोठी अक्षरं, मोकळी जागा, स्पष्ट लिंक्स, बस्स. पुढे २०२२ मध्ये त्यांनी आपल्या पानांवरून जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी काढून टाकली. दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) स्वरूपात ती जेमतेम ३२ केबीची होती. एवढ्याशा वजनासाठी सरकारी खातं वेळ घालवतं, कारण जुना फोन आणि कमजोर नेटवर्क असलेल्या माणसाला तेवढ्यानेही फरक पडतो.

मग तुम्हाला फार भारी वाटणाऱ्या दोन-तीन पोर्टफोलिओ साइट्स त्याच पद्धतीने उघडा. किती एमबी उतरले ते बघा, आणि मुख्य म्हणजे वाचता येईल असं पहिलं अक्षर कधी दिसलं ते घड्याळ लावून बघा.

गणित सोपं आहे. सेकंदाला ४ मेगाबिटचं नेटवर्क मिळतंय असं धरा. ४ एमबीचं पान म्हणजे ३२ मेगाबिट, म्हणजे नुसतं उतरायलाच ८ सेकंद. तेच पान ४०० केबीचं असेल तर एक सेकंदही लागत नाही. पुण्यात घरच्या वायफायवर हा फरक जाणवत नाही, म्हणून डिझायनरला तो दिसतच नाही.

एक खुलासा इथेच करतो. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची साइट बघितलीत तर ती निव्वळ लिंक्सची यादी आहे. भयंकर वेगाने उघडते. पण त्यांना गिऱ्हाईक शोधायचं नाही, तुम्हाला शोधायचंय. तुमच्या साध्या साइटमध्ये डिझाइन दिसलं पाहिजे.

२. साधेपणात काय बघायचं

नव्या लोकांची भीती खरी आहे: ‘इतकी साधी साइट बघून गिऱ्हाईक म्हणेल, यात तुम्ही केलंत काय?’ उलट बाजूने विचार करा. ॲनिमेशन, व्हिडिओ, ग्रेडियंट यांच्या गर्दीत चुकलेलं अंतर झाकलं जातं. पान मोकळं असलं की मार्जिन दोन पिक्सेलने जरी हललं तरी डोळ्याला खटकतं. त्यामुळे साधं पान नीट जमलं तर ते जमवणाऱ्याला काम येतं हे लगेच कळतं. गिऱ्हाइकाला ते शब्दांत सांगता येणार नाही, पण ‘नीटनेटकं वाटतंय’ असं तो म्हणतो, तेव्हा त्याला हेच जाणवलेलं असतं.

बघायच्या आणि उचलायच्या गोष्टी ठरावीक आहेत. एका ओळीत साधारण ६० ते ७० अक्षरं. त्यापेक्षा लांब ओळ वाचताना डोळा परत येताना चुकतो. अंतरं एकाच मापाच्या पटीत, उदाहरणार्थ ८, १६, २४, ४८ पिक्सेल. अक्षरांचे आकार तीन, फार तर चार. उठाव द्यायला एकच रंग, तोही बटण आणि लिंकपुरता. आणि मजकूर व पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी तेवढा सांगितला आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही डिझायनर लोकांची जुनी खोड आहे. दुपारच्या उन्हात रस्त्यावर उभं राहून तुमचं पान वाचून बघा, खोड मोडेल.

३. मजकूर आधी लिहा

कोरा कागद घ्या, फिग्मासारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर नको. येणाऱ्या माणसाला चार प्रश्न असतात: तुम्ही काय करता, कोणासाठी केलंय, किती घेता, फोन कुठे करायचा. त्यांची उत्तरं आधी लिहून काढा. ‘मी पिक्सेलमधून अनुभव घडवतो’ असल्या ओळी खोडा. ‘कोकणातल्या होमस्टे आणि छोट्या हॉटेलांसाठी बुकिंगच्या साइट्स बनवतो’ ही ओळ जास्त कामं मिळवून देईल.

कामं तीन किंवा चार दाखवा. प्रत्येकाला एक चित्र आणि पाच-सहा ओळी: गिऱ्हाइकाची अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं, काय टाकून दिलं. गाठीला खरं काम नसेल तर गावच्या वाचनालयाची किंवा ओळखीच्या खानावळीची साइट करून द्या. काल्पनिक कॉफी ब्रँडची लँडिंग पेजेस सगळ्यांकडे असतात. किमतीबद्दल आकडा द्यायचा नसेल तर निदान ‘अमुकपासून पुढे’ एवढं लिहा, नको ते फोन वाचतात.

४. एक पान, स्वच्छ एचटीएमएल

एवढ्या मजकुराला एक एचटीएमएल फाइल आणि एक सीएसएस फाइल पुरते. ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स सगळ्या ब्राउझरांत कधीच रुळले आहेत, त्यामुळे निव्वळ तीन कार्डं शेजारी मांडण्यासाठी बूटस्ट्रॅपसारखी अख्खी तयार सीएसएस चौकट आणू नका.

हलक्या पानाला एक जास्तीचा फायदा मिळतो. सर्व्हर पहिल्या फटक्यात सगळं पान पाठवत नाही. नेटवर्क किती झेपतंय याचा अंदाज घेत तो आधी साधारण १४ केबी पाठवतो, पोचपावती आली की पुढचा भाग जास्त पाठवतो. इंटरनेटवर डेटा पाठवण्याचे जे टीसीपी नावाचे नियम आहेत, त्यांची ही पद्धत आहे. तुमचं एचटीएमएल दाबल्यावर १४ केबीत बसलं तर पानाचा सगळा मजकूर त्या पहिल्याच फेरीत पोचतो. एका पानाच्या पोर्टफोलिओला हे सहज जमतं. सीएसएस थोडकी असेल तर तीही एचटीएमएलच्या डोक्यातच ठेवा, एक फेरी आणखी वाचते.

पान मराठीत असेल तर भाषेच्या ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड द्यायला विसरू नका. स्क्रीन रीडरला उच्चार कळतात, आणि ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात.

५. चित्रं: वजन इथेच चढतं

बहुतेक पोर्टफोलिओ साइट्सचं सगळ्यात मोठं ओझं चित्रांचं असतं, आणि ते उतरवणंही सगळ्यात सोपं आहे. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, तीन-चार एमबीचा. तो पानावर ३६० पिक्सेल रुंद चौकटीत दाखवला जातो. फोनचा पडदा दाट असतो हे धरलं तरी ८०० ते १००० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. बाकीचे पिक्सेल गिऱ्हाइकाच्या डेटा पॅकमधून येतात आणि कोणालाच दिसत नाहीत.

काम असं करा. चित्र आधी योग्य रुंदीला कापा. मग गुगलच्या क्रोम टीमचं ‘स्क्वूश’ हे चित्र हलकं करायचं साधन ब्राउझरमध्ये उघडा, त्यात चित्र टाका, उजवीकडे वेबपी किंवा एव्हीआयएफ हे चित्राचं हलकं स्वरूप निवडा आणि क्वालिटी ७५च्या आसपास ठेवून मधली रेघ सरकवत दोन्ही बाजू ताडून बघा. वेबपी सफारीतही २०२० पासून चालतं, त्यामुळे ‘आयफोनवर दिसणार नाही’ ही शंका आता सोडायला हरकत नाही. प्रोजेक्टचा एक स्क्रीनशॉट साधारण ५० ते ८० केबीत बसायला हवा. स्क्रीनशॉटमध्ये बारीक अक्षरं असतील आणि ती धूसर होत असतील तर क्वालिटी वाढवण्याआधी स्क्रीनशॉटच बदला. अख्ख्या पानाची लांबलचक पट्टी दाखवण्यापेक्षा बोलका तुकडा कापून दाखवलेला बरा.

प्रत्येक चित्राला एचटीएमएलमध्ये विड्थ आणि हाइट लिहा. ती नसली की चित्र येईपर्यंत ब्राउझरला जागा किती सोडायची ते कळत नाही. मजकूर वर बसतो आणि चित्र आलं की धाडकन खाली ढकलला जातो. फोन नंबरवर बोट टेकवायला जावं आणि त्याच क्षणी तो खाली सरकावा, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

खालच्या चित्रांना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचक त्यांच्याजवळ आला की मगच ती उतरतात. पहिल्या पडद्यावर दिसणाऱ्या मुख्य चित्राला मात्र लावू नका. पुष्कळ जण सरसकट सगळ्यांना लावून टाकतात आणि जे आधी दिसायला हवं तेच उशिरा येतं.

पार्श्वभूमीला आपोआप चालणारा व्हिडिओ? नको. यात चर्चेसारखं मला काही वाटत नाही.

एक छोटं चित्र मात्र आवर्जून बनवा: व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की जे प्रिव्ह्यूला दिसतं ते. १२०० बाय ६३० पिक्सेल, शे-दीडशे केबीच्या आत, त्यावर तुमचं नाव आणि काय करता ते मोठ्या अक्षरांत. लिंकचा प्रिव्ह्यू ठरवणाऱ्या ओपन ग्राफच्या मेटा टॅगमध्ये त्याचा पूर्ण पत्ता द्यायचा. आपल्याकडे कामाची शिफारस व्हॉट्सॲपवरूनच पुढे जाते, तेव्हा साइट उघडायच्या आधी लोक हे चित्र बघतात.

६. फॉन्ट, आणि देवनागरीचं वेगळं गणित

इंग्रजी साइट्ससाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. लॅटिन अक्षरांचा नीट छाटलेला (न लागणारी अक्षरं काढलेला) फॉन्ट १५-२० केबीत बसतो. देवनागरीत जोडाक्षरं, रफार, वेलांट्यांचे निरनिराळे आकार हे सगळं फॉन्टात लागतं, म्हणून फाइल त्याच्या काही पट होते. त्यात तुम्ही चार जाड्या मागवल्या तर फॉन्टच चित्रांना मागे टाकतात.

पहिला पर्याय फुकटचा आहे: यंत्रात आधीच असलेला फॉन्ट वापरा. विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. उतरायला शून्य केबी. मजकुरासाठी हे अगदी चालतं. स्वतःचा चेहरा हवाच असेल तर फक्त शीर्षकांसाठी एक फॉन्ट, एक जाडी आणा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि मराठी मजकुरात चांगले दिसतात.

फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉन्ट-स्वरूपात स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. ‘गुगल फॉन्ट्सवरून घेतला की तो लोकांच्या कॅशमध्ये आधीच असतो’ हे जुनं झालं. क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक साइटची कॅश वेगळी केली. शिवाय युरोपातलं गिऱ्हाईक असेल तर आणखी एक कारण आहे. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका साइटमालकाला वाचकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण गुगलकडून फॉन्ट मागवताना वाचकाचा आयपी पत्ता परवानगीशिवाय अमेरिकेला गेला होता.

फॉन्ट-डिस्प्लेला ‘स्वॅप’ द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर अदृश्य राहत नाही. फॉन्ट छाटायचं साधन वापरलंत तर जोडाक्षरं उडाली नाहीत ना ते तपासा. माझी चाचणीची ओळ अशी: ‘राष्ट्र, कृष्ण, ज्ञानेश्वर, तऱ्हा, खऱ्या, ॲप, ऑफिस’. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ इथे पुष्कळ फॉन्ट आणि छाटणीची साधनं गडबडतात. बाकी दोन सूचना: देवनागरीला लेटर-स्पेसिंग लावू नका, शिरोरेखा तुटते. आणि लाइन-हाइट १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

७. जावास्क्रिप्ट: आधी ‘का’ विचारा

चित्र उतरलं की काम संपतं. जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनला ती वाचावी लागते, चालवावी लागते, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथेच दमतो. म्हणून १०० केबीची स्क्रिप्ट १०० केबीच्या फोटोपेक्षा महाग पडते.

चार लिंक्सच्या मेनूला हॅम्बर्गर (तीन रेघांचं मेनू उघडणारं बटण) लागत नाही. प्रश्नोत्तरं उघडझाप करायला एचटीएमएलचे डिटेल्स आणि समरी हे टॅग आहेत. बटणावरचा हलका बदल सीएसएस ट्रान्झिशनने होतो. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करायला सांगितलं आहे त्यांच्यासाठी तोही मीडिया क्वेरीने बंद करा. यूट्यूबचा व्हिडिओ थेट जडवला की कोणी प्ले दाबायच्या आतच काहीशे केबीची स्क्रिप्ट उतरते. त्याऐवजी चित्र लावून लिंक द्या. इन्स्टाग्रामच्या फीडचंही तेच. चॅटच्या खिडकीऐवजी व्हॉट्सॲपची थेट लिंक आणि फोन नंबर ठेवा, लोक तसंही तेच करतात.

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतलीच कामं तुम्ही विकत असाल तर पोर्टफोलिओ रिॲक्टमध्ये असण्याला अर्थ आहे. नसाल तर नाही.

८. साइट कुठे ठेवायची

स्थिर फाइल्ससाठी गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस मोफत आहेत. गिटहबवर प्रकाशित साइट १ जीबीपर्यंत चालते. तुमची १ एमबीचीही होणार नाही. डोमेन मात्र स्वतःच्या नावाचं विकत घ्या.

सर्व्हर कुठे आहे याने फरक पडतो. मुंबईहून अमेरिकेला जाऊन परत यायला सिग्नलला २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा जास्त लागतात. जोडणी करणं, सुरक्षेची देवाणघेवाण, मग पानाची मागणी अशा तीन फेऱ्या झाल्या की पहिलं अक्षर येण्याआधीच अर्धा सेकंद उलटून गेलेला असतो. मुंबईत केंद्र असलेल्या सीडीएनवरून (जगभर ठिकठिकाणी सर्व्हर असलेल्या सेवेवरून) पान आलं तर हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. गिऱ्हाइकं दुबईत किंवा लंडनला असली तरी सीडीएन त्यांच्या जवळच्या केंद्रातून पान देतो.

९. मोजा, पण शंभराच्या मागे लागू नका

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा टॅब बघा. गुगलचे तीन निकष लक्षात ठेवा: मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा (याला एलसीपी म्हणतात), टॅपला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा, आणि पानाच्या हलण्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा. वरच्या पायऱ्या पाळल्या तर हे आपोआप होतं. नव्या साइटला फारशी ये-जा नसल्याने खऱ्या वाचकांचा डेटा तिथे रिकामा दिसेल, त्याने घाबरू नका. त्यातल्या गुणांचे ९६चे १०० करण्यात रात्र घालवण्यापेक्षा घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि एसटीत बसून साइट उघडा. घाटात नेटवर्क येतं-जातं तेव्हा पान कसं वागतं हे कुठलंही साधन सांगत नाही.

माझ्या हिशोबाने पूर्ण पोर्टफोलिओ, चित्रांसकट, ५०० केबीच्या आत बसतो. त्यावर गेला तर एखादं चित्र किंवा फॉन्ट नाहक आलेला असतो.

१०. गिऱ्हाइकाशी बोलताना

‘एलसीपी १.४ आहे’ हे होमस्टेवाल्याला सांगू नका. त्याच्याच फोनवर त्याची सध्याची साइट आणि तुमची साइट एकामागून एक उघडून दाखवा. बोलावं लागत नाही.

केस स्टडीत आधीचं आणि नंतरचं वजन लिहा, पण मोजलेलं असेल तरच. आणि वेग टिकवण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरवा. साइट ताब्यात दिल्यावर गिऱ्हाईक गणपतीच्या सजावटीचे वीस फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवतं, हे होणारच. म्हणून ताबा देताना मराठीत अर्ध्या पानाची सूचना द्या: फोटो चढवण्याआधी कुठे, कसा लहान करायचा. कोटेशनमध्येही एक ओळ घाला की मुख्य पान अमुक केबीच्या आत दिलं जाईल, आणि नंतर वाढलेलं वजन उतरवण्याचं काम वेगळं आकारलं जाईल. दिवाळीनंतर ‘साइट स्लो झालीय’ असा फोन आला की वाद घालावा लागत नाही, ती ओळ दाखवायची आणि नेटवर्क टॅब उघडायचा.